शंभर वर्षांची अट

लोहगाव विमानतळावर उतरून स्वतःहून रेड चॅनेलला, म्हणजे कस्टम्सला सामान जाहीर करायच्या रांगेत, जाणारे प्रवासी फार नसतात. एरंडवण्यातले आमचे हे काका गेले. एडिनबरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात घेतलेली तलवार त्यांनी एअरलाइनला आधी कळवून, टोकाला जाड पुठ्ठा बांधून चेक-इनमध्ये टाकली होती. दुबईला काही अडलं नाही. इथे मात्र तलवार अडकवून ठेवल्याची पावती हातात पडली आणि त्यांनी मला फोन लावला. मी क्लिअरिंग एजंट, कस्टम्समधून लोकांचा माल सोडवून देणारा. चाकणच्या कंपन्यांचे सुटे भाग सोडवण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे खरं सांगतो, धावतच गेलो.

माल अस्सल होता. पातं सरळ आणि परदेशी, मूठ आपली, मुठीच्या माथ्यावर दुसऱ्या हाताने धरायला गज. म्हणजे फिरंग. मूठ जरा हलते म्हणून तिथल्या एकाने ‘डुप्लिकेट वाटते’ असा शेरा मारला. अहो, पातं मुठीत लाखेने बसवतात, ती लाख सुकली की मूठ हलणारच! रील बघून इतिहास शिकलेल्यांना कोण सांगणार?

अधिकारी तसा सज्जन, पण नियमावर बोट ठेवून बसलेला. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार हे शस्त्र, म्हणून आयात परवाना दाखवा. मी टॅरिफ उघडलं, म्हणजे कस्टम्सची मालाच्या वर्गवारीची यादी. तलवारी ९३०७ क्रमांकाच्या वर्गात येतात, पण त्याच ९३व्या प्रकरणाची टीप पुराणवस्तूंना बाहेर काढते. १०० वर्षांवरची वस्तू ९७०६ मध्ये जाते. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्येही पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट आहे, फक्त ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. तलवारीतून गोळी कशी सुटेल, हे मी विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, “वयाचा पुरावा आणा.”

घोडं तिथेच अडलं. दुकानदाराच्या बिलावर नुसतं ‘भारतीय तलवार’. साल नाही, शतक नाही. एवढे पाउंड मोजून घेताना एक ओळ लिहून घ्यायला काय हरकत होती?

तज्ज्ञाचा अभिप्राय मिळवता येईल. पण काकांचा बेत ऐकला आणि माझाच हात थांबला. यंदाच्या दसऱ्याला घरी शस्त्रपूजन करायचं, नंतर ती मँचेस्टरच्या मुलाकडे द्यायची. आता १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ज्या वयामुळे तलवार सुटणार, त्याच वयामुळे ती इथे कायमची अडकणार. दुसरी वाट कस्टम्स कायद्याच्या कलम ८० ची. प्रामाणिकपणे घोषित केलेलं सामान ठेवून घेतात आणि परत जाताना देतात. काकांनी अधिकार दिला तर मुलगाही नेऊ शकतो. मात्र वयाचा कागद एकदा फाइलला लागला, की ही वाटही माझ्या मते बिकट होते.

“नव्वद वर्षं लिहिलं तर?” काकांनी विचारलं.

“मग ते शस्त्र, काका. परवाना आणा.”

“म्हणजे म्हातारी म्हटली तरी अडचण, तरुण म्हटली तरी अडचण.”

दोन्ही अर्ज तयार ठेवलेत. मला विचाराल तर ती इथेच राहावी, पण फी घेणाऱ्याने असं बोलू नये म्हणून गप्प आहे. मुलगा पुढच्या महिन्यात येतोय. तोवर एकाही कागदावर सही करू नका, एवढंच काकांना बजावलंय.