रोहिणीला रकानाच नव्हता : पर्जन्यमापकाची नववी वही

२५ मे २०२५ च्या सकाळी माझा पर्जन्यमापक माळ्यावर होता. गोणपाटात गुंडाळलेला, नरसाळ्यात पालीची दोन अंडी. आणि अंगणात पाऊस. वळवाचा नव्हे, चांगला मोसमी, हवामान खात्याने जाहीर केलेला. केरळात तो २४ तारखेला पोचला, २००९ नंतर एवढ्या लवकर पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात हजर. मिरगाला अजून तेरा दिवस होते. आई वाळत घातलेली आमसोलं उचलायला धावली, मी शिडी आणायला. तिची अर्धीअधिक आमसोलं वाचली. माझे पहिले दोन दिवस मात्र वहीतून गेले ते गेलेच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, मागे सह्याद्री, पुढे म्हादई नदीला मिळणारा ओहोळ. जून २०१७ पासून रोज सकाळी साडेआठला मोजतो, कारण खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. साधन घरगुती: २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली कॅन, आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं मोजपात्र. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ३१.४ मिलिलिटर पाणी. भागाकार करा, झालं. एवढ्याशा गणितावर नऊ पावसाळे काढले.

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र एक कोष्टक आहे, ते आजोबांमुळे. मिलिमीटर हा प्रकार त्यांना कधी पटला नाही. "आर्द्रा कशी गेली ते सांग," म्हणायचे. म्हणून पहिल्या वर्षापासून मृग ते स्वाती अशी नक्षत्रवार बेरीज करत आलो. तरणा (पुनर्वसूचा पाऊस) किती, म्हातारा (पुष्याचा) किती, हे त्यांना वाचून दाखवायचं. गेल्या मेमध्ये लक्षात आलं की सूर्य रोहिणीत शिरला त्याच सुमारास पाऊस आला, आणि रोहिणीला माझ्या कोष्टकात रकानाच नाही! समासात पट्टीने रेघ मारून केला. नऊ वह्यांत पहिल्यांदा.

कुणीतरी म्हणेलच की नक्षत्रंच सरकलीत. सरकतात, पण साधारण ७२ वर्षांत एक दिवस. तेरा दिवसांचा हिशेब त्यात बसत नाही. उलट बाजूही सांगतो, नाहीतर उगाच आरडाओरडा केल्यासारखं होईल: २०१९ आणि २०२३ साली हाच मॉन्सून केरळातच ८ जूनला पोचला होता. एका वर्षाच्या घाईवरून हवामान बदललं असं म्हणू नये. मला खटकतंय ते वेगळंच.

ते कळायला २०२१ चा जुलै लागला. २२ तारखेच्या रात्री पत्र्यावर असा आवाज होता की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. सकाळी गेलो तर कॅन काठोकाठ, बाहेर पाणी सांडलेलं. कॅन तीन लिटरचा. म्हणजे ९५ मिलिमीटरला तो भरला, आणि पुढे किती पडला ते ओहोळालाच ठाऊक. २३ तारखेला सत्तरी-डिचोलीत म्हादईचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, १९८२ नंतरचा सगळ्यांत मोठा पूर म्हणून त्याची नोंद झाली. माझ्या वहीत त्या दिवसापुढे आहे: "९५ +". या छंदात यापेक्षा लाजिरवाणं दुसरं काही नाही. त्याच आठवड्यात दहा लिटरचा कॅन घेतला आणि तो एका मोठ्या बादलीत ठेवला, म्हणजे सांडलं तरी मोजता येईल. नवीन लोकांना माझा पहिला सल्ला हाच: कोकणपट्टीत कॅन लहान घेऊ नका.

पण सांडण्यापेक्षा मोठी चूक दिवसाची बेरीज एवढीच धरण्यात होती. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. एक ६६ मिलिमीटर, दुसरी ६८. खात्याच्या भाषेत दोन्ही "जोरदार", कारण २४ तासांत ६४.५ च्या वर. पहिल्या दिवशी रात्रंदिवस संततधार होती. शेतं ते पाणी पीत राहिली, कौलाची एक पन्हळ तेवढी ठिबकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन, मग सव्वा तासात सगळा कोसळला. शेजारच्या काकांच्या वाफ्याची मेर फुटली, लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाहून ओहोळात गेला, आमच्या विहिरीचं पाणी दोन दिवस चहासारखं लाल. वहीत मात्र दोन्ही आकडे भावंडांसारखे बसलेले, एकाच शाईत.

म्हणून २०२२ मध्ये टिपिंग बकेट, म्हणजे आपोआप नोंद करणारा पर्जन्यमापक, घेतला. आत सी-सॉसारखी दोन खणांची पाटी असते. एक खण भरला की ती कलंडते, पाणी सांडतं, दुसरा खण समोर येतो, आणि प्रत्येक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. वेळेसकट नोंद होते, ही खरी गंमत. आता त्याची दुखणी ऐका. पहिल्याच महिन्यात आत मुंग्यांनी संसार थाटला आणि तीन दिवस "पाऊस शून्य". आर्द्रा नक्षत्रात! शिवाय जोराच्या सरीत तो कमीच सांगतो. पाटी कलंडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात वरून पडणारं पाणी हिशेबात येत नाही. तपासून पाहायचं तर बाटलीच्या बुचाला टाचणीने भोक पाडून अर्धा लिटर पाणी सावकाश सोडा. माझ्या यंत्राचं तोंड १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका कलंडण्याला २ मिलिलिटर, म्हणजे २५० टिचक्या यायला हव्यात. सावकाश सोडल्यावर २४३ आल्या. तेच पाणी भराभर ओतलं तर २२६. तेव्हापासून नियम असा: एकूण आकडा कॅनचा, वेळ यंत्राची. दोन्ही हवेत. यंत्र विकत घेऊन कॅन अडगळीत टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आता माझ्या नऊ वर्षांना मोठ्या चित्रात ठेवून पाहू. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक दिसते अशा भागांत आपला पश्चिम घाटही आहे. दुसरीकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे परस्परविरोधी वाटलं. पाऊस कमी की जास्त, एक काय ते सांगा! मग ६६ आणि ६८ ची जोडी आठवली. बेरीज घटू शकते आणि कोसळणं वाढू शकतं. मधल्या उघडीपीचे दिवस बेरजेत दिसत नाहीत, एवढंच. कारणही अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि आपल्या दारातला अरबी समुद्र तापतोच आहे. तेच बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढतं, म्हणून पणजीपेक्षा वाळपई आणि सांगे नेहमी पुढे असतात.

म्हणून यंदापासून वहीत दोन नवे रकाने: दिवसातला सगळ्यांत जोराचा तास, आणि २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस. खातं २.५ पासूनच "पावसाचा दिवस" धरतं, म्हणून तीच रेघ. आजोबांच्या भाषेत दुसऱ्या रकान्याचं नाव "फाटा". कोरड्या फाट्यात रोप जगलं की नाही ते बेरजेवरून कळत नाही.

कोष्टकाचं दुसरं टोकही सैल झालंय. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा स्वाती लागली होती, दिवाळी दोन-तीन दिवसांवर आणि कापलेलं भात शेतात आडवं. क्यार सरतं न सरतं तोच महा, दोन्ही एकाच वेळी अरबी समुद्रात. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. आमच्याकडे वादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची गोष्ट, असं लहानपणी समजत होतो.

तापमानाबद्दल मी फार बोलत नाही, कारण माझी पहिली दोन वर्षं वाया गेली. कमाल-किमान तापमापक पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीला टांगला होता. चिरा दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब परत देतो, त्यामुळे किमान तापमान दोन अंश चढंच यायचं. ती पानं लाल शाईने खोडली आहेत. आता कुंडीखालच्या प्लॅस्टिकच्या बशा एकावर एक, मध्ये बोटभर फट, बाहेरून पांढरा रंग, आणि सगळं दीड मीटरच्या खांबावर. दुकानातल्या महागड्या पेटीइतकंच काम करतं.

या बशांतल्या तापमापकाचं एक निरीक्षण, पटलं तर तुमच्याकडेही पडताळा. आमच्याकडे सगळ्यांत त्रासाची दुपार मेमध्ये येत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की खारा वारा आत यायला उशीर करतो, आणि दुपारी एकपर्यंत पारा वर वर जातो. मार्च २०२३ मध्ये याच कारणाने गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारपूर्वी सोडल्या, आणि त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे धुमसत होते. आमच्या अंगणात राख पडत होती, ती नरसाळ्यातून पुसून काढली. २०२५ ला तर फेब्रुवारी संपायच्या आत उष्णतेच्या लाटेचा इशारा. तेव्हा काजू मोहरात असतो. काकांच्या बागेतला मोहर काळा पडला तो उन्हाने की आदल्या ढगाळ आठवड्याने, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. ते ढगाला धरून आहेत.

नऊ वर्षांवरून हवामान ठरत नाही हे मलाही माहीत आहे. हवामानाची प्रमाण सरासरी धरतात ती ३० वर्षांची, सध्या १९९१ ते २०२०. मला अजून एकवीस पावसाळे हवेत. पेडण्यातून किंवा काणकोणातून कुणी रोज साडेआठला मोजत असेल तर आकडे जरूर टाका, पण कॅन किती लिटरचा तेही लिहा.

ऑक्टोबर संपला की मापक माळ्यावर जायचा, तो या खेपेला नेलेला नाही. खांबावरच आहे. नरसाळ्याच्या तोंडाशी मच्छरदाणीची जाळी लावली, पालीसाठी. आईने डिसेंबरात त्या खांबाला कपड्यांची दोरी बांधली होती. ती सोडवून लांब बांधली, कारण ओल्या चादरीचं पाणी यंत्रात ठिबकून एका रखरखीत दुपारी ०.४ मिलिमीटर पाऊस पडला होता.