तो गर्दवर, घर जागरणावर

पोरगा गर्द (ब्राऊन शुगर) ओढायला लागला की पहिली झोप उडते ती आईची. तो रात्री दोनला येणार म्हणून ही पडवीत बसून. हे जागरण आधी मोडा. दार उघडायची पाळी लावा, आज बाप, उद्या भाऊ; बाकीच्यांनी आत जाऊन झोपायचं. रात्र रात्र जागणाऱ्या बाईला स्वतःची बीपीची गोळी आठवत नाही, मग बोलताना तोल जातो. वाद घालायचाच तर सकाळी, तो शुद्धीत असताना.

मग पैसा. मे महिन्यात आंब्याचे पैसे एकदम येतात, ते रोख घरात नकोत. आईच्या खात्यात भरा आणि तिच्या मोबाईलचा पिन बदला, जुना त्याला पाठ असतो. एवढं करूनही गळती लागते ती बहुधा मुंबईहून. "काका, दवाखान्यात जायचंय" म्हटलं की काका गुपचूप पाचशे पाठवतात. गणपतीला चाकरमानी जमले की सगळ्यांदेखत एकदाच सांगा: त्याच्या हातात पैसे नाहीत, डॉक्टरांचं बिल थेट भरायचं. लाज वाटेल, पण वाडीला आधीच ठाऊक असतं.

देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, औषध मात्र डॉक्टरांचंच. गर्दची टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, आठवडाभर हाल करते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येते, जीव जाऊ शकतो.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे दिवस जास्त जपायचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो पुन्हा जुन्याच मापाने घेतो. श्वास मंद, ओठ निळे, हाक मारून जाग नाही, असं दिसलं की १०८ला फोन लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला तर फोनवर सांगतील तसं करा. ताक, लिंबूपाणी तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांसाठीही आहे, मोफत, रात्रीही. व्यसनमुक्तीची चौकशी १४४४६वर. फोन आईने स्वतः करावा, पोरगा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. घरात बोलता येत नसेल तर शेजारणीच्या घरून करा.