६४० ग्रॅमची पट्टी काट्यावर ७०२ का भरते

मागची नोंद संपवताना मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की शिडी संपली, आता दोऱ्याचं रीळ. शिडी म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिडीचा प्रयोग: तिचा भार जमीन किती उचलते आणि भिंत किती. शिडीच्या जागी मी लाकडी पट्टी वापरतो. शिडी संपली नव्हती. पुढचे अकरा दिवस तिनं माझं डोकं खाल्लं. काल रात्री पावणेअकराला स्वयंपाकघरात ती सुटली आणि सोडवण्यात निम्मा वाटा आईचा आहे.

आधीचं सामान तेच: टिंबर मार्केटमधून रंधून आणलेली एक मीटरची सागवानी पट्टी, वजन ६४० ग्रॅम, गुरुत्वमध्य सुरीच्या धारेवर तोलून पाहिलेला, ५० सेंमीच्या खुणेपासून दोन मिलिमीटरच्या आत. पट्टी ६० अंशांवर टेकवली की पाय भिंतीपासून ५० सेंमी आणि वरचं टोक ८६.६ सेंमी उंचीवर. पाय डिजिटल काट्यावर, तबकडीला पॉलिश पेपर चिकटवलेला, काट्यामागे वीट. बलंही ग्रॅममध्येच लिहितोय, न्यूटनप्रेमींनी सांभाळून घ्यावं.

गुळगुळीत भिंतीचं उदाहरण तर झकास जमलं होतं. टोकाला बोल्टवर दोन ६०८ नंबरची बेअरिंगं लावली (स्केटिंगच्या चाकात असतात ती, बोहरी आळीत सुटी मिळतात, जुन्या चाकातली काढत बसू नका), म्हणजे भिंतीला घर्षण जवळजवळ नाहीच. सगळं मिळून ७०४ ग्रॅम आणि टेकवल्यावर काटा ७०३. पट्टीचा सगळा भार जमिनीवर, भिंत फक्त आडवी रेटतेय. पुस्तकातलं गणित डोळ्यांसमोर उभं राहिलेलं बघून मी त्या रात्री दोन वेळा चहा घेतला.

मग अवदसा आठवली. बेअरिंग काढलं, भिंतीला पुठ्ठा चिकटवला आणि लाकडाचं उघडं टोक त्यावर टेकवलं. आता भिंतही घर्षणानं थोडा भार उचलणार, तेव्हा काटा ६४० पेक्षा कमी दाखवणार, एवढीच अपेक्षा. पहिल्यांदा आलं ५९६. छान. पुन्हा टेकवली तर ५८८. पुन्हा, ६५५. मग ६११. आणि पाचव्यांदा ७०२.

७०२! पट्टीच मुळात ६४० ग्रॅमची.

साहजिकच पहिला संशय काट्यावर. हा काटा मी ऑनलाइन मागवलेला, ५ किलोचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि त्याची मला चीड आहे, कारण मिनिटभर हात लावला नाही की तो झोपतो. पुन्हा चालू केला की अंगावर असेल ते वजन शून्य धरून बसतो. या प्रकारात दोन संध्याकाळी गेल्या. तरी बिचारा निर्दोष निघाला. २०० ग्रॅमचं वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, फरक एका ग्रॅमचा. तबकडी आडवी ओढली तर आकडा बिघडतो का, तेही पाहिलं: २०० ग्रॅमच्या आडव्या ओढीला दोन-तीन ग्रॅम. ६२ ग्रॅमची चूक त्यातून निघत नाही.

मग वही काढली. अज्ञात चार: जमिनीचा वरचा रेटा, जमिनीचं घर्षण, भिंतीचा आडवा रेटा, भिंतीचं घर्षण. समीकरणं तीन: आडवी बलं, उभी बलं आणि एक मोमेंटचं (मोमेंट म्हणजे बलाचा फिरवण्याचा जोर: बल गुणिले बिंदूपासून त्याच्या रेषेचं अंतर). चौथं कुठून आणायचं? मी म्हटलं, मोमेंट हव्या त्या बिंदूभोवती घेता येतो ना, मग घेऊ. पायाभोवती घेतला, टोकाभोवती घेतला, मध्याभोवती घेतला, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्याभोवतीही घेतला. तीन संध्याकाळी आकडेमोड करून जे समीकरण हाती आलं ते असं: शून्य बरोबर शून्य. बिंदू बदलला की नवं समीकरण मिळतं असं वाटतं, पण ते जुन्या तिघांचंच कडबोळं असतं. बिंदू हुशारीनं निवडण्याचं कौतुक मी इथं अनेकदा केलंय. त्यानं आकडेमोड वाचते, माहिती वाढत नाही. हे मला लिहून दाखवता आलं असतं, पण अंगात मुरलेलं नव्हतं.

मोजूनच निकाल लावायचा म्हणून भिंतीचा रेटा मोजायला गेलो. पद्धत जुनीच: टोक आणि पुठ्ठा यांच्यामध्ये कागदाची चिठ्ठी अडकवायची, टोकाला दोरा बांधून स्प्रिंगकाट्यानं भिंतीपासून आडवं ओढायचं, चिठ्ठी सुटून पडली की आकडा वाचायचा. (हुकवाला डिजिटल लगेज काटा यासाठी घेऊ नका. तो आकडा स्वतःच्या मर्जीनं गोठवतो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला ५०० ग्रॅमचा साधा स्प्रिंगकाटा उत्तम, फक्त आडवा धरल्यावर शून्य नव्यानं लावून घ्या, हुकाचं वजन सुटतं.) दर वेळी उत्तर १८५. पट्टी कशीही टेकवलेली असो, खालचा काटा ५९० म्हणो की ७००, वर १८५च. आणि १८५ हे तर गुळगुळीत भिंतीचं उत्तर! ६४० गुणिले २५ भागिले ८६.६, करून बघा.

म्हणजे वरचं उपकरण सांगतंय भिंतीला घर्षण नाही, खालचं सांगतंय आहे, आणि मधूनच उलटंही आहे. इथं मी चार दिवस वही मिटून ठेवली.

काल आईला काट्याजवळ स्टूल टाकून बसवलं, कारण वर ओढायला आणि खाली वाचायला मला दोन डोकी नाहीत. काटा झोपू नये म्हणून अधूनमधून त्याला टिचकी मारणं हेही तिचंच काम. मी ओढायला लागलो. ती वाचत गेली, सहाशेदोन, सहाशेअकरा, सहाशेतीस. चिठ्ठी पडली. ती म्हणाली, "अरे, आता बरोबर सहाशेचाळीस झालं बघ."

झालंच पाहिजे! चिठ्ठी पडते त्या क्षणी टोक भिंतीला टेकलेलंच नसतं. भिंत नाही तर भिंतीचं घर्षणही नाही. मी जे मोजत होतो तो टेकलेल्या पट्टीचा रेटा नव्हताच, आडव्या दोऱ्यानं पट्टी तोलून धरायला लागणारं बल होतं, आणि ते नेहमी १८५च येणार. मोजायला गेलो तिथंच घर्षण मारत होतो आणि वर विचारत होतो की ते गेलं कुठं. आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "मग काटा मोकळा झाला का?"

मोकळा झाला नव्हता, कारण आता ७०२ चा उलगडा दिसायला लागला होता. भिंतीचं घर्षण वरच्या दिशेनंच असतं असं मला कुणी सांगितलं? पट्टी टेकवल्यावर मी कधी पाय जरा बाहेर सरकू देत होतो, कधी "नीट ६० अंश" करायला पाय आत ढकलत होतो. पाय बाहेर गेला की टोक भिंतीवरून खाली उतरू बघतं, म्हणून घर्षण वर. पाय आत ढकलला की टोक वर चढतं, म्हणून घर्षण खाली, आणि भिंत चक्क पट्टीला खाली दाबते. मग काटा ६४० च्या वर जाणारच. मुद्दाम करून पाहिलं: आत ढकलून सोडली, ६९८, बाहेर ओढून सोडली, ५९०. दहापैकी दहा वेळा.

आता समजलं की चौथं समीकरण का मिळत नाही. ते नसतंच. घर्षणाचा नियम हा "बरोबर"चा नियम नव्हे, "पेक्षा जास्त नाही"चा आहे. आमोंतों आणि कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अनुक्रमे १६९९ आणि १७८१ मध्ये घर्षण नियमात बांधून दिलं, पण न घसरणाऱ्या वस्तूसाठी ती वरची मर्यादा आहे, किंमत नाही. पुस्तकातली शिडी नेहमी "घसरण्याच्या बेतात" असते ना, ते दोन शब्द म्हणजेच गुपचूप सरकवलेलं चौथं समीकरण. इतकी वर्षं मी ते शब्द वर्णन म्हणून वाचत होतो. इंजिनिअर मंडळी अशा रचनेला इंडिटरमिनेट, म्हणजे नुसत्या संतुलनाच्या समीकरणांनी न सुटणारी, म्हणतात आणि पुढं जातात. मला पुढं जाववत नव्हतं.

मर्यादा काढल्या. पुठ्ठ्यावर त्याच सागवानाचा तुकडा ठेवून पुठ्ठा तिरका केला, २२ अंशांच्या आसपास घसरतो, म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.४ (घर्षण जास्तीत जास्त रेट्याच्या ०.४ पट). पायाभोवती मोमेंट: भिंतीचा रेटा गुणिले ८६.६, अधिक भिंतीचं घर्षण गुणिले ५०, बरोबर १६०००. घर्षण पुरेपूर वर धरलं तर रेटा १५०, घर्षण ६०, काट्यावर ५८०. पुरेपूर खाली धरलं तर रेटा २४०, घर्षण ९६, काट्यावर ७३६. मला मिळालेले सगळे आकडे, तो निर्लज्ज ७०२ धरून, ५८० ते ७३६ च्या मध्ये. वहीतल्या मागच्या पंधरा नोंदीही तपासल्या, एकही बाहेर नाही.

पण खरी मजा आलेखाच्या कागदावर. तीन बलांचा नियम आठवत असेल: समांतर नसलेली तीन बलं संतुलनात असतील तर त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळाल्याच पाहिजेत. जमिनीचा रेटा आणि घर्षण मिळून एक बल, भिंतीचे दोन मिळून दुसरं, तिसरं वजन. गुळगुळीत भिंत असली की भिंतीची रेषा आडवी, ती वजनाच्या उभ्या रेषेला ८६.६ सेंमीवर छेदते, पायापासून त्या ठिपक्याकडे रेघ ओढली की उत्तर संपलं. भिंतीला घर्षण आलं की आडव्या रेषेच्या जागी २२ अंश वर, २२ अंश खाली असा पंखा येतो. वजनाची रेषा भिंतीपासून २५ सेंमीवर, तिथं हा पंखा १० सेंमी वर आणि १० सेंमी खाली पसरलेला. म्हणजे ठिपक्याऐवजी २० सेंमीची रेघ, आणि तिच्यावरचा कुठलाही बिंदू पट्टीला चालतो. पॉलिश पेपरवाल्या पायाचा पंखा इतका रुंद की तो आड येत नाही. कुठला बिंदू मिळणार हे बलांवरून ठरतच नाही. पट्टी कुणी, कशी, कुठून सरकवत आणून ठेवली यावर ठरतं. अकरा दिवसांत ज्याची आकडेमोड दोन वह्यांत मावली नाही ते एका चित्रात बसलं. त्रिकोणी गुण्या आणि टोकदार पेन्सिल यांना मी यापुढं कॅल्क्युलेटरच्या वरचा मान देणार.

इथवर लिहिलं आणि वाटलं, भिंतीचा रेटा मोजायचा राहिलाच की, घर्षण न मारता. लिहिणं थांबवून उठलो. आईचा स्वयंपाकघरातला काटा घेतला, दुहेरी टेपनं भिंतीवर उभा चिकटवला, तबकडीवर तोच पुठ्ठा. युक्ती एवढीच की काटा उभा केल्यावर मगच चालू करायचा, म्हणजे त्या अवस्थेला तो शून्य धरतो. तबकडी भिंतीपुढं दोन सेंमी आली, म्हणून खालचा काटाही तेवढा सरकवला. आलेले आकडे:

पाय बाहेर ओढून: खाली ६११, म्हणजे घर्षण २९ वर. हिशेबानं रेटा १६८, भिंतीवरचा काटा म्हणतो १६६.
पाय आत ढकलून: खाली ७०२ (हो, तोच!), म्हणजे घर्षण ६२ खाली. हिशेबानं रेटा २२१, काटा म्हणतो २२४.

दोन काटे, एक पट्टी आणि दोन-तीन ग्रॅमचा फरक. हे लिहिताना अजून हसू येतंय.

आता पुढचं. रिळाचा दोरा कुठल्या कोनात ओढला की ते जागच्या जागी राहतं, ते करायचं ठरलं होतं. सामानही आणून ठेवलंय. पण भिंतीवरचा काटा सोडवताना नजर देवघरातल्या चौरंगाकडे गेली. तिवईला तीन पाय, समीकरणं तीन, प्रत्येक पायावर किती भार ते चोख निघतं. चौरंगाला पाय चार. उभ्या बलांचं एक, मोमेंटची दोन, समीकरणं तीनच. तोच रोग! रीळ थांबेल.

घाईत एक झलक पाहिली. चौरंग ३.२ किलोचा, म्हणजे सरळ वाटणी प्रत्येक पायाला ८००. एका पायाखाली माझा काटा, बाकी तिघांखाली त्याच उंचीचे म्हणून शोधलेले ठोकळे. काट्यावर आलं ११३०. शेजारच्या पायाखाली एक व्हिजिटिंग कार्ड सारलं, झालं ४२०. एक कार्ड! तिरक्या समोरासमोरचे पाय जोडीनं भार उचलतात, त्यामुळं हा आकडा ० पासून १६०० पर्यंत कुठंही फिरू शकतो असा माझा अंदाज आहे. कार्डाऐवजी झेरॉक्सचे कागद एकेक करून घालायचे आणि आलेख काढायचा, असं ठरवतोय. त्यासाठी किमान दोन काटे लागतील, आणि दुसरा आत्ताच आईनं भिंतीवरून उतरवून नेला. तिला भाजणी मोजायचीय.