लेकरांसाठी लॅटिन शोधताना

परभणीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचं गाव. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठचा. दोघंही दोन वर्षांपासून घरीच शिकतात. का, ते इथं सांगत बसत नाही, त्यावर आधीच पुष्कळ भांडून झालंय. दहावी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून द्यायची, त्याला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे अजून अवकाश आहे. नातेवाइकांचा प्रश्न मात्र ठरलेला: "शेवटी लातूरलाच टाकायचं ना?"

बाकी विषय रुळले होते, घोडं अडलं इंग्रजी शब्दांवर. थोरली रोज दहा शब्द पाठ करायची आणि आठवड्याने त्यातले सात कोरे. तिच्या वहीत 'एक्स्पोर्ट' एका पानावर होता, 'ट्रान्सपोर्ट' तीन पानं सोडून, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. परदेशात घरी शिकवणारी कुटुंबं लॅटिन, म्हणजे जुन्या रोमनांच्या भाषेतल्या धातूंवरून इंग्रजी शब्द शिकवतात, हे वाचलं आणि मी त्या नादी लागले. नेमका कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, हे ठरवायलाच चार महिने गेले.

पहिली चूक माझी. भाषा शिकायची आहे की इंग्रजी शब्दांची मुळं, हे ठरवायच्या आधीच मी शोधायला बसले. आधी 'प्रिमा लॅटिना' बघितलं. लहान मुलांसाठीच आहे, मांडणी सुटसुटीत. पण त्यात प्रार्थना ख्रिस्ती आणि उच्चार चर्चमधले. लॅटिनचे उच्चार दोन तऱ्हांचे असतात हे मला तेव्हा कळलं. रोमन सेनापती सीझरचं 'आलो, पाहिलं, जिंकलं' हे प्रसिद्ध वाक्य चर्चच्या पद्धतीने 'वेनी, वीदी, वीची', आणि जुन्या रोमन पद्धतीने 'वेनी, वीदी, वीकी', तेही 'व' ओठ गोल करून. आमच्या घरात च आणि क वरून दोन दिवस वाद झाला. त्यातून एक शब्द इंग्रजी वाढला नाही. मग विल्यम लिनी यांचं 'गेटिंग स्टार्टेड विथ लॅटिन' हाती आलं. शिकवणाऱ्याला लॅटिनचा गंध नसला तरी चालतं, एका धड्यात एकच नवी गोष्ट. मला स्वतःला ते फार आवडलं, रात्री भांडी आवरून मी एकटीच करायची. पण ती भाषा शिकण्याची वाट. ते ठेवून दिलं.

दुसरं 'व्होकॅब्युलरी फ्रॉम क्लासिकल रूट्स'. नाव अगदी हवं तसं. मालिकेतलं ए हे पुस्तक तिकडच्या सातवीच्या सुमाराचं, पुढं ई पर्यंत चढत जातं. इथं जे लक्षात आलं त्यावर माझी पुढची सगळी निवड झाली. ही पुस्तकं धरून चालतात की पोराच्या कानावर निम्मे शब्द आधीच पडलेत. त्याच्या घरात 'मॅन्युअल' हा शब्द रोज वापरात असतो, पुस्तक फक्त सांगतं की बाळा, हा 'मानुस' म्हणजे हात या लॅटिन शब्दावरून आलाय. आमच्याकडं उलटं. शब्दही नवा, मूळही नवं, आणि अर्थ समजावणारं वाक्य त्या दोघांपेक्षा अवघड. थोरलीने एक पान सोडवलं आणि वही मिटून म्हणाली, "आई, यापेक्षा पाठांतर बरं."

शेवटी टिकलं ते 'इंग्लिश फ्रॉम द रूट्स अप'. पहिल्या भागात ग्रीक आणि लॅटिन मिळून 100 मुळं, एका मुळाला एक कार्ड, कार्डावर त्यातून निघालेले थोडके शब्द. पुस्तकापेक्षा ते मागवायचा खर्च जास्त होत होता, म्हणून ओळखीतल्या एका कुटुंबाकडून जुनी प्रत घेतली. कार्डं घरीच केली. लग्नसराईत आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होताच, त्यांच्या कोऱ्या बाजू कापल्या.

त्या कार्डांवर तिसरी ओळ मराठीची घालायचं सुचलं ते शाळेतल्या संस्कृतमुळं. गुणांसाठी घेतलेलं संस्कृत, पण एक श्लोक डोक्यात राहिला होता: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. धातू एकच, हृ. त्याच्या आधी लागणारा उपसर्ग बदलला की तो अर्थ ओढून भलतीकडं नेतो. लेकरांना आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द मराठीतूनच माहीत होते. तेच 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे याचं. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडं नेलं की ट्रान्सपोर्ट, परत आणून सांगितलं की रिपोर्ट, खालून तोलून धरलं की सपोर्ट. वीस मिनिटांत झालं. जे तिकडच्या पुस्तकाला पहिले काही धडे खर्चून पटवावं लागतं, ते मराठी बोलणाऱ्या पोराच्या तोंडात आधीच असतं. आपणच ते त्याला दाखवत नाही.

मग नातीगोती सापडत गेली. दंत आणि डेंटिस्ट, नाम आणि नॉमिनेट, अग्नी आणि इग्निशन, दान आणि डोनेशन. सप्टेंबर नववा महिना असून नावात सप्त कसा, तर रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. थोरली लगेच म्हणाली, "मग आपल्या पाडव्यासारखंच की." संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं तिथले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स 1786 मध्ये कोलकात्यात बोलले होते, ते मी सांगेपर्यंत धाकटा पळाला होता.

पण दिसलं सारखं की जोडलं, असं करता येत नाही. धाकट्यानं 'मानुस'ला 'माणूस' जोडला, कारण माणसाला हात असतात. तर्क झकास, नातं शून्य. इंग्रजीतही फसगत आहे: पेडेस्ट्रियनमधला 'पेड' म्हणजे पाय, आपला पद तोच. पेडिअॅट्रिशियनमधला 'पेड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल. त्या दोन कार्डांना लाल फुली आहे. खात्री नसेल तिथं मी तिसरी ओळ कोरी ठेवते.

सासूबाईंचं मत पहिल्यापासून एकच. "मराठी येईना नीट, अन् हे कुठलं उकरून काढायलीस?" एकदा अंगणात 'जुगुम'चं कार्ड चाललं होतं. जुगुम म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, संस्कृतात युग. हरलेल्या सैनिकांना रोमन लोक भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावत, त्यावरून सब्जुगेट, म्हणजे अंकित करणे. सासूबाई शेंगा फोडता फोडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे त्येंच्यातबी बैलच व्हते की." त्या दिवसापासून विरोध थोडा सैल झाला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कुठल्याच पुस्तकाचा नाही, माझ्या दिराच्या बी.एस्सी. अॅग्रीच्या वहीचा. त्यात प्रत्येक पिकाचं शास्त्रीय नाव. ज्वारी 'सोरघम बायकलर', म्हणजे दोन रंगांची. शेतातली अमेरिकन कपाशी 'हिर्सुटम', केसाळ. देशी कापूस 'आर्बोरियम', झाडासारखा. पोरांनी पान उलटं करून खरंच लव आहे का ते बघितलं. करडई 'टिंक्टोरियस', रंगवायच्या कामाची, म्हणून टिंक्चर. हरभरा 'सायसर अॅरिएटिनम'. यातलं दुसरं नाव मेंढ्यावरून, कारण दाणा मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो. रोमचा मोठा वक्ता सिसेरो, त्याचं आडनावही या हरभऱ्यावरूनच पडलं.

हे कार्ड धाकट्यानं स्वतः केलं, तेवढं एकच. बाकी त्याला कंटाळा येतो, आणि मी आता त्याच्या मागं लागत नाही. थोरलीची चौसष्ट झालीत. सोयाबीन काढणीत पंधरा दिवस काहीच झालं नाही, परत बसलो तेव्हा सहा-सात कार्डं तिला आठवेनात, तीही बहुतेक ग्रीक. तिला अजून मोठा परिच्छेद वाचताना अडखळायला होतं, ते काही मुळांनी सुटलेलं नाही.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या डब्यावर चिकटपट्टी दिसली. धाकट्याच्या अक्षरात 'सिसेरो'. सासूबाईंनी मला विचारलं, "ह्यात काय हाय गं?" मी सांगितलं. त्यांनी झाकण उघडून बघितलं, दोन वाट्या काढल्या आणि भिजत घातल्या.