बँडचा तास

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आमच्या जेवणाच्या टेबलावर पुढील वर्षाच्या विषयांची यादी येऊन पडते. आम्ही मध्य न्यू जर्सीतील एका उपनगरात राहतो आणि आमची थोरली मुलगी येथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीच्या शाळेत, शिकते. गेल्या वर्षी ती दहावीत असताना या यादीवरून आमच्या घरी बरेच दिवस वाद चालला, आणि त्या वादात माझी बाजू चुकीची होती असे आता मला वाटते.

आधी येथील व्यवस्था थोडी सांगायला हवी, कारण ‘सरकारी शाळा’ म्हटल्यावर महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते येथे लागू पडत नाही. उपनगरातील शाळेचा खर्च मुख्यतः गावाच्या मालमत्ता करातून भागतो; न्यू जर्सीत एका घरामागे हा कर सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास येतो आणि त्यातील जवळपास निम्मा वाटा शाळांकडे जातो. शाळा चांगली म्हणून घरे महाग आणि घरे महाग म्हणून शाळेला पैसा, असे हे चक्र आहे. आमच्यासारखी कितीतरी भारतीय कुटुंबे आधी शाळा पाहतात आणि मग घर शोधतात. (ज्या शहरांत असा कर गोळा होत नाही तेथील मुलांचे काय, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1990 च्या निकालात न्यायालयाने गरीब शहरांतील शाळांना सधन उपनगरांच्या बरोबरीने निधी देण्याचा आदेश दिला. त्या निकालाबद्दल मला मनापासून आदर आहे.)

हायस्कूल पूर्ण करण्यासाठी राज्याच्या नियमानुसार किमान 120 क्रेडिट मिळवावी लागतात. त्यांत इंग्रजीची 20, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी 15, परकीय भाषेची 5 आणि कलेचीही 5 असतात. शारीरिक शिक्षण तर चारही वर्षे सक्तीचे आहे. शेवटी बोर्डाची एकच मोठी परीक्षा नसते, तर नववीपासूनच्या प्रत्येक विषयाची श्रेणी मोजली जाऊन तिची सरासरी, म्हणजे जीपीए, तयार होते.

आमचा वाद या सरासरीवरूनच झाला. मुलगी क्लॅरिनेट वाजवते आणि शाळेच्या बँडमध्ये आहे; हा बँड मैदानावर रांगेने चालत वाजवतो. बँड हा शाळेच्या वेळापत्रकातला रोजचा तास आहे, त्याची श्रेणी मिळते, परंतु एपी विषयांना, म्हणजे महाविद्यालयाच्या पातळीच्या विषयांना, जे जादा वजन असते ते त्याला नाही. आमच्या शाळेच्या पद्धतीत एपी विषयातील ‘ए’ म्हणजे 5 आणि बँडमधील ‘ए’ म्हणजे 4. एखाद्या मुलाने पाच एपी विषय घेतले आणि सगळ्यांत ‘ए’ मिळवली तर त्याची सरासरी 5 येते. त्याच मुलाने सहावा विषय म्हणून बँड घेतला आणि त्यातही ‘ए’ मिळवली तर ती 4.83 होते. उत्तम वाजवूनही आकडा खाली येतो. त्यातच पुढील वर्षी एपी केमिस्ट्रीचा प्रयोगशाळेसह दुहेरी तास नेमका बँडच्या वेळी येणार होता. मी हिशेब कागदावर मांडला आणि तिला बँड सोडायला सांगितले. क्लॅरिनेट घरी वाजवता येईलच, असेही म्हणालो.

ती म्हणाली, “बाबा, घरी मी एकटी असते. मैदानात मी नसले तर तिथे रिकामी जागा दिसते.”

मला तेव्हा हे वाक्य भावनेच्या भरातले वाटले. मी सांगलीत शिकलो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी शाळेत दिल्या होत्या, इंटरमीजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली होती, आणि दहावीचे वर्ष सुरू होताच रंगांची पेटी माळ्यावर गेली ती कायमची. मला कोणी रागावले नव्हते किंवा सक्ती केली नव्हती. ते इतके सहज घडले की त्यात काही गमावले आहे हे मला कित्येक वर्षे कळलेच नाही. माझ्या बायकोने त्या रात्री मला याच पेटीची आठवण करून दिली आणि मुलीच्या अर्जावर स्वतः सही केली. बँड राहिला, एपी केमिस्ट्री गेले.

ऑगस्टमध्ये मार्चिंग बँडचे शिबिर असते. पालकांनी पाणी आणि बर्फ पुरवण्यासाठी पाळीपाळीने यायचे असते, म्हणून मी दोन दिवस गेलो. शाळेच्या वाहनतळावर पांढऱ्या रेषा आखून मैदानाची प्रतिकृती केलेली होती. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना एक रेषा असते आणि ते अंतर आठ पावलांत कापायचे, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलाचेही तेवढेच आणि ठेंगण्या मुलीचेही तेवढेच. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी वही अडकवलेली, तिच्यात कोणत्या मात्रेला आपण कोणत्या रेषेपासून किती पावलांवर असायचे याची नोंद. रणरणत्या उन्हात आठ मात्रांचा तोच तुकडा मुले वीस-वीस वेळा करत होती. नववीतला एक मुलगा सतत चुकत होता. बारावीतली एक मुलगी काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने मात्रा मोजत त्याच्याबरोबर चालू लागली. चौथ्या फेरीला तो बरोबर जागेवर पोहोचला. त्याच दुपारी एक मूल उन्हाने थकून सावलीत बसले, तेव्हा रांगेत पडलेली जागा मला दुरूनही स्पष्ट दिसली.

न्यू जर्सीतच, प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शाळा जिल्ह्यात 2015 मध्ये मुलांवरील अभ्यासाच्या दडपणावर मोठी चर्चा झाली होती. तेथील अधीक्षक डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी मुलांवरील ताणाबद्दल पालकांना सविस्तर पत्र लिहिले. हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या गेल्या आणि सुरुवातीला वाद्य बेसूर वाजवणाऱ्या मुलांनाही संगीतात प्रवेश सुलभ केला गेला. त्या जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी आशियाई वंशाचे, आणि विरोधाचा मोठा सूरही आशियाई स्थलांतरित पालकांचाच होता. त्यांची भीती मला समजते, कारण माझ्या कागदावरचा हिशेब त्याच भीतीतून आला होता: परक्या देशात आपल्याला ओळख नाही, वशिला नाही, तेव्हा मुलांच्या हाती आकडा तरी भक्कम असावा.

मात्र ही भीती आता वर्गाबाहेरच्या गोष्टींतही शिरली आहे. अनेक महाविद्यालयांना चालणाऱ्या कॉमन अॅप या प्रवेश अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा असते. अकरावीत आल्यावर मुले एकाएकी नवे क्लब काढतात आणि त्यांचे अध्यक्ष होतात, ते या दहा रकान्यांसाठी. त्याच अर्जात नोकरी आणि घरची जबाबदारीही उपक्रम म्हणून लिहिता येते, ही बाब आपल्या पालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. संध्याकाळी दुकानात काम करणारे किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल रिकामे नसते, आणि अर्जाची रचना करणाऱ्यांनी ते ओळखले हे मला फार बरे वाटले.

मुलीची अकरावी आता अर्ध्याहून अधिक सरली आहे. शरद ऋतूत दर शुक्रवारी संध्याकाळी ती मैदानावर असे, शनिवारी स्पर्धा आणि रविवारी सकाळी मंडळाची मराठी शाळा. गृहपाठ मध्यरात्रीपर्यंत चाले आणि तिची झोप कमी होते ही माझी काळजी अजून मिटलेली नाही. शाळा साडेसातला भरते, आणि किशोरांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलेले आहे. याविषयी मी पालकसभेत बोललो आहे आणि पुन्हा बोलणार आहे.

परवा बारावीच्या विषयांची यादी आली. तिने सर्वांत वर बँड लिहिले होते आणि बाकीचे रकाने अजून रिकामे होते. या वेळी सही मी केली आणि ऑगस्टमधील शिबिराच्या तारखा विचारून घेतल्या, कारण कचेरीत रजेचा अर्ज लवकर द्यावा लागतो.