तुम्ही विचारलेत म्हणून : हिरव्या माशीचे घर

खानापूर तालुक्यात कोणाच्याही ओसरीवर टेकलो की, किडे पाहत हिंडणारा माणूस म्हणून, एक प्रश्न मला हमखास येतो : "सर, आमच्या भिंतीवर हिरवीगार चकाकणारी माशी येते, तीच का ती मोबाईलवरची ऑर्किड मधमाशी?" जांबोटी-कणकुंबीकडे झाडांवर सीतेची वेणी हे ऑर्किड फुलत असल्याने शंका वाजवी आहे, पण उत्तर नकारार्थी आहे. ऑर्किड मधमाश्या मूळच्या मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या प्रदेशातल्या.

ऑर्किडचे नाव त्यांना नरांमुळे मिळाले. फुलांतला सुगंध गोळा करून ते मागच्या पायांत साठवतात. घर मात्र एकटी मादी बांधते आणि तेही बहुधा राळेचे. युग्लोसा व्हिरिडिसिमा या हिरव्या जातीची मादी झाडांची राळ मागच्या पायांवरच्या टोपल्यांत भरून आणते, एखादी तयार पोकळी शोधते आणि तिच्यात राळेच्याच अंडाकृती कोठड्या रचते. प्रत्येक कोठडीत पराग आणि मकरंद यांचा घट्ट लगदा भरून, त्यावर एक अंडे घालून ती तोंड लिंपून टाकते. आपल्या सातेरी मधमाशीसारखे अळीला रोज भरवणे येथे नाही. पुढे काही मुली आईजवळच राहतात, राबतात, अंडीही घालतात. आई ती खाऊन त्याच कोठडीत स्वतःचे अंडे ठेवते. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे किल्ल्या सासूकडेच की!" नाते चुकले, पण मर्म त्यांना बरोबर सापडले होते.

भिंतीवरची तुमची हिरवी माशी बहुधा गांधीलमाशीच्या नात्यातली असते. कुंभारीण नावाच्या गांधीलमाशीने बांधलेल्या मातीच्या घरात ती कोकिळेसारखे गुपचूप अंडे घालते. गंमत अशी की, ऑर्किड मधमाश्यांतही एक्झेरेटी नावाच्या हिरव्या चकचकीत माश्या हाच उद्योग करतात. त्या घर बांधतच नाहीत.

राळेचे घर पाहायचेच असेल तर जुन्या दगडमातीच्या भिंतीतून बाहेर आलेली काळपट, चिकट नळी शोधावी. ते नांगी नसलेल्या आपल्या बारीक मधमाशीचे दार असते. ती राळेत मेण मिसळते. परवा ज्यांनी विचारले त्यांच्याच भिंतीत अशी नळी निघाली. दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होता, म्हणून तिच्याभोवती वीतभर जागा गिलाव्याविना सोडायला सांगून मी निघालो.