तुम्ही विचारलंत म्हणून: खालची सोडून वरची का घेतली

कोल्हापुरात आर. के. नगरच्या पुढे चढावर ज्येष्ठांच्या दोन वसाहती एकमेकींना लागून आहेत. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. खालच्या वसाहतीत माझी थोरली नणंद राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिथे रीतसर खरेदीपत्र होतं, घर नावावर लागतं. आम्ही वरच्या वसाहतीत गेलो. तिथे अनामत भरायची आणि हयात असेपर्यंत राहायचं, मालकी नाही. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, 'अहो, सख्खी नणंद भिंतीपलीकडे, जागा नावावर होत होती, मग वर एवढं काय होतं?' लग्नाच्या पंगतीत विचारतात, ह्यांच्या बाराव्यालासुद्धा विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

शाहूपुरीतलं घर का सोडलं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. आता चढावर जायचं, इथवर घरात कुणाचं दुमत नव्हतं.

अक्काने खालची आधीच घेतली होती. तिचं म्हणणं एकेक मुद्दा घेऊन खरं होतं. तिथल्या भटारखान्यात बुधवार-रविवार तांबडा-पांढरा असतो, वर शुद्ध शाकाहारी. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. उद्या पोराला विकता येईल. आणि माझी तर सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली. 'कागद आपल्या नावावर नाही तिथे पैसा घालू नका,' हे मी किती जणांना सांगितलंय. अक्काला मी जवळजवळ शब्द दिला होता.

ह्यांना पार्किन्सन होता. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ठाऊक असेल, माणूस सपाट फरशीवर चालत येतो आणि दारापाशी आला की पाय जागीच चिकटतात. अंगात जोर असतो, पण पाऊल उचलत नाही. दार जितकं अरुंद तितकं जास्त.

खालच्या वसाहतीचा सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही तिघं गेलो. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं. बाथरूमच्या दारात हे थांबले. दार अरुंद आणि त्याला दोन बोटं उंच उंबरा. साइट ऑफिसातला मुलगा बिचारा मदतीला धावला आणि ह्यांचा हात धरून ओढायला लागला. तेच करायचं नसतं. वरचं अंग पुढे जातं, पाय मागेच राहतात. हे पुढे कलले, मी दंडाला धरलं, अक्का ओरडली. मी ह्यांची काठी ह्यांच्या पावलांपुढे आडवी ठेवली आणि म्हटलं, 'हिच्यावरून टाका.' तसं पाऊल उचललं गेलं. मग त्याच दारात उभं राहून मी त्या मुलाला विचारलं, 'ह्यांना उद्या उठता-बसता माणूस लागला तर?' तो म्हणाला, 'काकू, करारात आहे ते.'

घरी येऊन करार वाचला. खरेदीपत्राचा नव्हे, त्याच्याबरोबर सही करायच्या सेवा कराराचा कागद. रोजची कामं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच ही सोय. चोवीस तासांची शुश्रूषा लागली तर नातेवाइकांनी दुसरीकडे व्यवस्था करायची, मदतनीस रात्री मुक्कामी ठेवता येणार नाही. म्हणजे घर आमच्या नावावर राहिलं असतं आणि हे त्यात राहू शकले नसते. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे इतकंच म्हणाले, 'अक्का आहे ना तिथे.' अक्का तेव्हा सत्तरी ओलांडलेली.

दोन दिवसांनी वरची वसाहत बघितली. रंग उडालेला, बाग यथातथाच. कॉरिडॉरच्या दारात हे पुन्हा अडले. तिथल्या एक मावशी बादली ठेवून आल्या, स्वतःचं पाऊल ह्यांच्या पावलापुढे आडवं धरलं आणि म्हणाल्या, 'काका, माझ्या पायावरून टाका.' त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी अनामतीचा चेक दिला.

२०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम आणले. दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा. चांगलं झालं, पण आम्ही घर शोधत होतो तेव्हा ते नव्हते. आणि दार रुंद झालं तरी सेवा करारात काय लिहिलंय ते ज्याचं त्यालाच वाचावं लागणार.

मुलगा म्हणतो, 'आई, तू आयुष्यभर लोकांना जे सांगितलंस त्याच्या उलट केलंस.' केलं. बँकेत बसून मी जे सांगत होते ते कर्ज बुडू नये म्हणून सांगत होते, आणि त्या कामापुरतं ते बरोबरच होतं. पण माझ्या त्या टेबलावर कधी कुणी आपला आजारी नवरा घेऊन बसलं नव्हतं. तरी हेही लिहिते, की मुलासाठी मागे काही राहणार नाही, हे रात्री आठवतं. तो बोलत नाही. सून एकदाच बोलली, आणि तिचं चूक नव्हतं.

दुसरं एक आहे, ते मी कुणाला सांगत नाही. ह्यांना खाली जायचं होतं. बहीण, पत्त्यांचा डाव, रविवारचा रस्सा, सगळं त्यांचं तिकडे होतं. अक्का भिंतीवरून डबा द्यायची, मग वरच्यांनी 'आवारात सामिष नको' म्हणून सांगितलं. शेवटी शेवटी हे कमी बोलायचे, ते आजाराने की माझ्यावरच्या रागाने, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मात्र शेवटपर्यंत ते आपल्या खोलीत, आपल्या कॉटवर होते, आणि ते खाली झालं नसतं. ही बाजू मी सोडणार नाही.

हे गेल्या वर्षी गेले. अक्का आता रोज म्हणते, 'तू एकटी वर काय करतेस? खाली ये, माझ्या शेजारचा ब्लॉक विकायला आहे.' मी अजून हिंडती-फिरती आहे, त्यामुळे खालचा करार आज मला लागू पडतो. इथून बाहेर पडलं तर ठरल्याप्रमाणे कपात होऊन उरलेली अनामत परत मिळते. अर्जाचा कागद मी ऑफिसातून आणून ठेवलाय. भरलेला नाही, फाडलेलाही नाही. अक्काला अजून काही सांगितलेलं नाही.